स्प्रूस म्हणून आलेलं झाड

९ फेब्रुवारी, रविवार

आतेभाऊ सकाळी पोहे-जिलबी घेऊन आला आणि मग डिकीतून एक कुंडीही काढली. "ताई, याचं तू काहीतरी बघ. हिनं दोनदा कचऱ्याच्या गाडीत द्यायला काढलं होतं." दिवाळीत घेतलेलं, चकचकीत निळ्या कुंडीतलं बोन्साय. तेव्हापासून बैठकीत टीव्हीशेजारी होतं. रोज वाटीभर पाणी आणि दर रविवारी पानांवरून ओलं फडकं. माया भरपूर, उजेड मात्र नाही.

खोडाला बांधलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलंय: 'स्प्रूस बोन्साय, वय १२ वर्षं'. बारा वर्षांवर माझा विश्वास नाही, खोड जेमतेम अंगठ्याएवढं आहे. स्प्रूसवर तर त्याहून नाही. स्प्रूसची पानं म्हणजे सुट्या सुट्या चौकोनी सुया. एक तोडून बोटांत फिरवली तर कडा जाणवतात. सुई गळली की फांदीवर तिचं खुंटीसारखं बूड राहतं, म्हणून वाळलेली काटकी कानशीसारखी खरखरते. इथे टोकांकडे एकावर एक दाबून बसवलेल्या खवल्यांसारखी पानं आणि आत खोडाजवळ तीन-तीनच्या वेढ्यात टोचऱ्या बारीक सुया. हा जुनिपर आहे. बहुधा चिनी जुनिपरच, कारण दोन्ही तऱ्हेची पानं एकाच झाडावर मिरवणं ही त्याची खोड.

मी भिंगातून बघत होते तेवढ्यात नानांनी (सासरे) एक मेलेली काटकी मोडून नाकाशी धरली आणि म्हणाले, "अगं, ही तर पेन्सिल आहे." नाना बत्तीस वर्षं शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते, पेन्सिली छिलण्यात जन्म गेला. चुकले नाहीत. जुन्या चांगल्या पेन्सिली ज्याच्या लाकडाच्या करत, तो अमेरिकेतला लाल सिडार नावापुरताच सिडार, जातीनं जुनिपर.

१० फेब्रुवारी

पाटी खोटी निघाली हे बरंच झालं. खरा स्प्रूस असता तर या नोंदी लिहायला घेतल्याच नसत्या. हिमालयातला स्प्रूस, हिमाचलात त्याला राई म्हणतात, दोन-अडीच हजार मीटरच्या वरचा गडी. त्याला हिवाळ्यात नीट झोप लागते. कित्येक आठवडे सलग थंडी मिळाली की मगच वसंतात त्याच्या कळ्या जोमानं फुटतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. जानेवारीतल्या रात्री दहा अंशांच्या आसपास, आणि दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. त्याला ही नुसती डुलकी झाली. अशी दोन-तीन वर्षं न झोपता काढली की स्प्रूस दमून जातो. माळव्याच्या रात्रींचं कौतुक आपल्याला, त्याला नाही. जुनिपर त्या मानानं सोशिक. त्यालाही थंडी आवडते, पण त्यावाचून अडत नाही.

आता तब्येत. तीन मुख्य फांद्या: उजवी, डावी आणि शेंडा. शेंडा फिकट पण हिरवा. उजवी बरी. डावीवर राखेसारखी कळा आलीय, पानं चिमटीत धरली तर कोरडी लागतात. खोडावर नखानं जरासं खरवडलं: उजवीकडे आत ओलसर हिरवं, डावीकडे पिवळट.

या जातीत एक फसवणूक असते. गुलाब किंवा जास्वंद रुसली की दोन दिवसांत मान टाकते. जुनिपर मुळं मेल्यावरही महिनाभर हिरवा दिसतो, फुलदाणीतल्या फांदीसारखा. म्हणजे आज जे दिसतंय ते डिसेंबर-जानेवारीचं दुखणं आहे. आणि आज मी काही चुकले तर ते मार्चअखेर कळणार.

१२ फेब्रुवारी

वरचे पांढरे खडे निघेनात. बोटानं, मग चमच्यानं, मग पेचकसानं. चिकटवलेले आहेत! गोंदाचा चांगला पाव इंचाचा थर, कुंडीच्या काठापासून काठापर्यंत, मधे खोडाभोवती रुपयाएवढं भोक. दुकानात कुंडी आडवी झाली तरी माती सांडू नये म्हणून ही युक्ती. वाटीभर पाण्यातलं अर्धं त्या थरावरून काठानं ओघळत असणार, उरलेलं खोडाशी आत शिरत असणार.

आत शिरलेलं बाहेर कुठून जायचं? कुंडी उलटी केली. भोक एकच, आणि त्यावर आतून चिकटपट्टी. टीव्हीच्या टेबलावर डाग पडू नयेत ही सोय.

थर फोडला तेव्हा वर अर्धा इंच माती भेगाळलेली, करकरीत. खाली बोट घातलं तर चिखल. आपली काळी माती, दुसरं काही नाही. शेतात कापसाला आणि सोयाबीनला ती सोनं आहे, खोलवर ओल धरून ठेवते. तीन इंच खोल कुंडीत तोच गुण जीव घेतो: वरून तहानलेली दिसते, खाली बुडालेली असते. बघणारा वरचं बघून पाणी घालत राहतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, ती या चिखलात नव्हतीच.

वास नाल्यासारखा. आज एवढंच केलं: चिकटपट्टी काढली, कुंडी एका बाजूनं विटेवर तिरकी ठेवली. तिरक्या कुंडीतून पाणी जास्त निथळतं, फुकटातला उपाय. झाड बैठकीतून उचलून गच्चीच्या पूर्व कोपऱ्यात, सकाळचं ऊन अकरापर्यंत. टोकियोचे बोन्सायवाले १९२३ च्या भूकंपानंतर चांगली माती, पाणी आणि हवा शोधत जवळच्या ओमियाला गेले आणि १९२५ साली तिथे त्यांचं गावच वसलं. आमच्या झाडाचं स्थलांतर दोन जिने.

१४ फेब्रुवारी

दुखणाईत झाडाची कुंडी बदलू नये, हा नियम मी स्वतः चार जणांना ऐकवलाय. आज तो मोडला. मुळं धडधाकट असती तर हात लावला नसता, पण सडणाऱ्या मुळांना विश्रांती देऊन ती बरी होत नाहीत. शिवाय फेब्रुवारी आहे, नवी वाढ तोंडाशी आहे. हाच महिना हातचा गेला तर पुढे एकदम पावसाळा.

गोळा बाहेर काढला आणि डाव्या फांदीचं कोडं सुटलं. डावीकडची मुळं काळी, ओढली की साल मोज्यासारखी निघून हातात येत होती, आत दोऱ्यासारखा कणा. उजवीकडची तपकिरी, घट्ट, दोन-तीन ठिकाणी पांढरी टोकंसुद्धा. भोक उजव्या अंगाला होतं, चिकटपट्टीच्या कडेनं तिथून थोडं पाणी झिरपत असणार. जुनिपरमध्ये मुळं आणि फांद्या यांचे जणू वेगवेगळे नळ असतात. ज्या बाजूचं मूळ, बहुतेक त्याच बाजूच्या फांदीला पाणी. आंब्या-पेरूत एक मूळ गेलं तर दुसरं सांभाळून घेतं, इथे शेजारधर्म कमी. म्हणून डावी मुळं गेली आणि डावी फांदी राखाडी झाली.

सडलेलं तेवढं कापलं, कात्री दर वेळी स्पिरिटनं पुसून. उजवीकडचा चिखल उदबत्तीच्या जाड काडीनं हळूहळू उकरला, पण निम्माच. सूचिपर्णी झाडांची मुळं नळाखाली धरून साफ धुवायची नाहीत, त्या मातीत मुळांशी भागीदारी केलेली बुरशी असते. उरलेली काळी माती दोन वर्षांनी काढू.

नवं मिश्रण: भाजक्या विटांचा चुरा तीन भाग, नर्मदेची जाडी रेती दोन, कुजलेला पालापाचोळा एक. बोन्सायसाठीची दाणेदार जपानी माती, आकादामा, मागवता येते, पण त्या भावात घरच्यांना सराफ्यात खायला दोनदा नेऊन आणता येतं. वीट पक्की भाजलेली हवी. रात्रभर पाण्यात टाकून बघायची, विरघळली तर ती कच्ची. चुरा दोन चाळण्यांतून काढला, ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक ते टाकून दिलं, वाटाण्यापेक्षा मोठं ते पुन्हा कुटलं. खरं काम या चाळण्यातच आहे. धूळ राहिली की तीच खाली बसून पुन्हा चिखल करते. तीन पाणी धुतला तेव्हा कुठे बादलीतलं पाणी लाल यायचं थांबलं.

निळी कुंडी बाद. साधी पसरट मातीची कुंडी, खाली तीन भोकं, त्यांवर जाळी. झाड तारेनं कुंडीला आवळून बांधलं, कारण वाऱ्यानं खोड हललं की नवी केसाएवढी मुळं तुटतात.

नानांनी विचारलं, "मुळं एवढी कापली, मग वरून पानंही कमी करायला नकोत का?" तर्क बरोबर आहे, जुनी पुस्तकंही तसंच सांगत. पण जुनिपरची शिदोरी पानांत असते. पानं उरली तर तीच मुळं उभी करतील. एकही पान काढलं नाही.

१६ फेब्रुवारी

नियम कपाटाच्या दारावर चिकटवलेत: कापायचं नाही. वळणासाठी तार घालायची नाही. खत द्यायचं नाही. पाणी फक्त मी देणार.

चौथा नियम नानांसाठी आहे. ते पहाटे पाचला उठून गच्चीवर प्रत्येक कुंडीला तांब्याभर पाणी घालतात, पावसाळ्यातसुद्धा. नुसतं 'घालू नका' म्हणून भागणार नाही, म्हणून त्यांना काम दिलं: दर पंधरा दिवसांनी झाडाचं पेन्सिलचित्र. फोन हिरव्या रंगाच्या बाबतीत खोटं बोलतो, ढग आला की सगळं झाड निरोगी. नानांची छटा खोटं बोलत नाही. पहिल्या चित्रात डावी फांदी त्यांनी नुसत्या रेषेत ठेवली, छटा भरलीच नाही. "तिथे भरायला काही दिसेना," म्हणाले.

पाणी कधी द्यायचं हे काडी सांगते. उदबत्तीची उरलेली काडी मिश्रणात दोन इंच रोवून ठेवायची. काढल्यावर खालचं टोक ओलं, गडद असेल तर आज पाणी नाही. वर हात लावून काही कळत नाही, ते आपण पाहिलंच.

२३ फेब्रुवारी

काही नाही. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याचा फवारा.

९ मार्च

काही नाही. नानांचं दुसरं चित्र पहिल्यासारखंच. आतेभावाचा फोन: "जगलं का?" सांगितलं, मेलेलं नाही एवढंच. आमच्या कॉलनीतला माळी मात्र वर येऊन बघून गेला: "मॅडम, ये तो गया." जाता जाता डीएपी खताची चिमूट टाकू का म्हणून विचारत होता. तापानं फणफणलेल्या माणसाला श्रीखंड-पुरी. आधीच जायबंदी मुळांशी क्षार साठले की ती आणखी करपतात.

१९ मार्च, रंगपंचमी

राजवाड्याला गेर (रंगपंचमीची मिरवणूक) बघायला गेलो होतो. टँकरमधून उडणारा रंग, चौथ्या मजल्यापर्यंत गुलाल. घरी येऊन केस धुण्याआधी गच्चीवर गेले (सवय) तर झाडावरही कुणीतरी पिवळट धूळ उडवल्यासारखं. गुलाल गच्चीवर पोचलेला नव्हता. भिंग लावलं: पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिके ठिपके.

पांढरा कागद खाली धरून फांदी दोनदा झटकली. कागदावर धुळीचे कण पडले. मिनिटभर थांबले, तर त्यातले काही कण चालायला लागले. बोट फिरवलं तर लालसर रेघ. लाल कोळी, पानांचा रस शोषणारे बारीक जीव.

माझीच चूक. पूर्व कोपरा निवडताना ऊन बघितलं, वारा बघितला नाही. तिथे पाण्याच्या टाकीची आडभिंत आहे, हवा खेळतच नाही. गरम, कोरडी, कोंडलेली जागा म्हणजे कोळ्यांचं माहेर. आणि गेले दहा दिवस मार्चअखेरच्या कामांमुळे संध्याकाळचा फवारा बुडाला होता.

२० मार्च ते १२ एप्रिल

कीटकनाशकाच्या दुकानात गेलं की पहिली बाटली हातात ठेवतात ती बहुतेक किड्यांची असते. कोळी हा किडा नव्हे, त्याला आठ पाय. साध्या कीटकनाशकानं तो मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकिडे मरतात आणि त्याचं फावतं. गंधकाची भुकटी चालते, पण पारा पस्तिशीला टेकल्यावर गंधक पानं भाजतं. कडुनिंबाचं तेलही भर उन्हात तेच करतं.

उरलं पाणी. कुंडीवर प्लास्टिक बांधून मिश्रण झाकलं, झाड आडवं धरलं आणि पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून पानांच्या खालून जोरदार मारा. दर तीन दिवसांनी. उन्हाळ्यात यांची अंडी ते अंडी देणारी मादी ही फेरी आठवड्या-दहा दिवसांत पुरी होते. एकदा धुऊन निश्चिंत बसलं की अंड्यांतून निघालेली फौज हजर. तिसऱ्या आणि सहाव्या धुण्यानंतर संध्याकाळी सहानंतर कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून.

यात पाण्याचा प्रश्न वेगळाच. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून उपसून एवढा चढ चढून येतं आणि आमच्याकडे एक दिवसाआड. मधल्या दिवशी बोअरचं. बोअरच्या पाण्यानं पानांवर पांढरे डाग राहतात, किटलीत बसतात तसेच. म्हणून नर्मदेचं पाणी दोन बादल्या वेगळं भरून ठेवायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्यांना बोअरचं आणि झाडाला नर्मदेचं!" त्यांच्या चहाचं पाणी मी कधीच बोअरचं घेतलेलं नाही, पण वाक्य चांगलं होतं.

१२ तारखेला कागदावर एकच कण चालला.

२७ एप्रिल

पाऱ्यानं चाळिशी ओलांडली. हिरवी जाळी लावली, अर्धं ऊन अडवणारी. झाड आता टाकीपासून दूर, वाऱ्याच्या तोंडी. हवेपेक्षा धोका कुंडीला आहे. गच्चीच्या फरशीवर दुपारी अनवाणी चार पावलं टाकून बघावीत, मुळं त्याच तव्यावर बसलेली असतात. मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत रेती भरली, ती रेती दुपारी बाराला ओली करते. रेतीतलं पाणी उडतं आणि आतली कुंडी माठासारखी गार राहते. खाली दोन विटा, म्हणजे फरशीला टेकत नाही आणि पाणीही साचत नाही.

११ मे

डावी फांदी गेली. तांबूस झाली, हात लावला की पानं झडतात. मनात फेब्रुवारीपासून होतंच, तरी आज सकाळभर तिच्यासमोर स्टूल टाकून बसले. जुनिपर हिरवळ संपलेल्या जुन्या लाकडातून सहसा पुन्हा फुटत नाही, तेव्हा वाट बघण्यात अर्थ नव्हता.

कापायला कात्री घेतली आणि परत ठेवली. मेलेली फांदी झाडाकडून काही मागत नाही. राहू दे.

३० मे

शेंड्यात हिरवं! पोपटी, टोचरं. खवल्यांची नव्हे, सुयांची पालवी. जुनिपरला मोठा धक्का बसला की तो लहानपणीच्या पानांवर परत जातो, मग स्थिरावला की वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा खवले. काही लोकांना ते विद्रूप वाटतं आणि ते खुडतात. मला आज त्या सुया हाताला टोचल्या याचाच आनंद. नानांनी छटेसाठी नवी पेन्सिल काढली.

६ जुलै

पाऊस नीट लागला. साबुदाण्याची खिचडी गॅसवर ठेवून वर गेले आणि गच्चीच्या पत्र्याखाली झाडाची जागा केली. आता भीती उलटी: पानं दिवसचे दिवस ओली राहिली की टोकं बुरशीनं तपकिरी पडतात. फवारा बंद. पहिले दोन पाऊस अंगावर घेऊ दिले, धूळ आणि क्षार धुऊन निघाले. आता झड लागली की पत्र्याखाली, उघडीप झाली की बाहेर. पावसाचं पाणी तीन ड्रम भरून ठेवलंय.

खिचडी लागली.

२४ ऑगस्ट

उजव्या फांदीवर टोकं पुढे सरकलीत. नानांचं मेमधलं आणि आजचं चित्र खिडकीच्या काचेवर एकावर एक धरलं: शेंडा सुमारे पाऊण इंच, उजवी जवळजवळ इंचभर. वर एवढी वाढ म्हणजे खाली मुळं आहेत. कुंडीच्या तळाच्या जाळीतून एक पांढरं टोकही डोकावलं.

आज पहिलं खत. लिंबोळी पेंडीच्या दोन गोळ्या, बोराएवढ्या, कुंडीच्या काठाला, उजव्या बाजूलाच. डावीकडे खाणारं कोणी नाही.

५ ऑक्टोबर

दसरा झाला, पाऊस सरला. आज आठ महिन्यांत पहिल्यांदा धारदार काहीतरी हातात घेतलं. डाव्या फांदीची साल सोलली, टोक पक्कडीनं चिमटून तंतूंच्या बाजूनं ओढलं, कापलेलं दिसू नये म्हणून. उघडं पडलेलं लाकूड थोडंसं कोरलं. जपानी लोक अशा वाळल्या फांदीला जिन म्हणतात. डोंगरावर विजेनं आणि बर्फानं जे होतं, ते आमच्याकडे चिकटपट्टीनं केलं. फांदीच्या बुडापासून खाली डाव्या मुळांपर्यंत खोडावरही मेलेल्या सालीचा पट्टा आहे. तो मी अजून उघडलेला नाही, जिवंत साल कुठे संपते ते येत्या वर्षात फुगून आपोआप दिसेल.

छिलके पडत होते तसा सगळ्या गच्चीवर वर्गातला वास पसरला. नानांनी ते चिमटीनं वेचून कंपासपेटीत भरले.

मग ब्रशनं चुना-गंधकाचं द्रावण लावलं, लाकूड कुजू नये आणि पांढरं पडावं म्हणून. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. शेजारच्या काकूंनी खालून ओरडून विचारलं, सिलेंडर तर गळत नाही ना?

आतेभाऊ संध्याकाळी येऊन गेला. परत नेतोस का म्हटलं तर टीव्हीकडे बघून हसला. त्याला वळण कधी द्यायचं ते हवं होतं. तारेचं भेंडोळं खणातच आहे. पुढचा फेब्रुवारी नाही, त्याच्या पुढचा बघू.

पुठ्ठ्यावरचं 'स्प्रूस' नानांनी खोडलं आणि खाली सुबक अक्षरांत 'जुनिपर' लिहिलं. वय मात्र १२ चं १३ केलं. पहाटेचा तांब्या त्यांनी सोडलेला नाही, पण आता गच्चीवरच्या प्रत्येक कुंडीत एक-एक काडी रोवलेली असते आणि ते ती काढून, चष्मा वर करून, टोक बघून मगच पाणी घालतात. तुळशीतसुद्धा. सासूबाईंना वाटतं, उदबत्ती लावायची राहिली. त्या जाऊन पेटवतात.